सोलर झटका मशीन: गावडुक्कर, रानडुक्कर आणि वाड्यातलं डुक्कर, तिघांना एकच डबा पुरतो का?

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आता युरियाच्या गोणीइतकंच झटका मशीनही, म्हणजे शेताभोवतीच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र, ठरलेलं झालंय. साधारण संचात बारा व्होल्टचं मशीन, ४० वॅटची सोलर प्लेट, छोटी बॅटरी, सायरन, प्लास्टिकचे इन्सुलेटर आणि तारेचं बंडल येतं. दुकानदार छातीठोकपणे सांगतो, डुक्कर येणार नाही. कोणतं डुक्कर, हे तो विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. सगळी गोम इथेच आहे.

गावात उकिरड्यापासून नाल्यापर्यंत मोकाट फिरणारं, पण मालक असलेलं डुक्कर वेगळं. डोंगरातून रात्री कळपाने उतरणारं रानडुक्कर वेगळं. आणि वाड्यात दावणीला खाऊन-पिऊन राहणारं वराहपालनातलं डुक्कर आणखी वेगळं. प्राणिशास्त्रात तिघांची जात एकच, सुस स्क्रोफा. एकमेकांत वीण होते आणि पिल्लंही पुढे वितात. पण तारेपुढे तिघं वेगळं वागतात आणि कायद्यापुढे तर तिघांची कागदं तीन वेगवेगळ्या कार्यालयांत जातात.

म्हणून गुणही एकच देता येत नाहीत. गावडुकराला बाहेर ठेवायला पाचपैकी साडेचार. आपली डुकरं आत राखायला चार. रानडुकरासाठी संच जसा मिळतो तसा लावला तर दोन, आणि खाली सांगितलेले बदल करून लावला तर साडेतीन. पाच कुठेच नाहीत, कारण नुसत्या तारेवर हंगामभर निर्धास्त झोपता येईल असं हे यंत्र नाही.

डब्यावर काय बघायचं

डब्यावर मोठ्या अक्षरात व्होल्ट छापलेले असतात. दहा हजार, बारा हजार. हा आकडा तारेवर काहीच भार नसतानाचा असतो, त्यामुळे त्याला फार किंमत देऊ नका. विचारायचं ते ज्यूल, म्हणजे एका झटक्यातली ऊर्जा, आणि तेही ‘आउटपुट’ ज्यूल. कपॅसिटरमध्ये साठवलेली ऊर्जा आणि तारेवर प्रत्यक्ष जाणारी ऊर्जा यांत बराच फरक असतो आणि जाहिरातीत बहुधा मोठा आकडाच असतो. दुकानदाराला दोन्हींतला फरक सांगता येत नसेल तर माहितीपत्रक मागा. तेही नसेल तर दुसरं मशीन बघा.

यंत्राचं काम सोपं आहे. साधारण सव्वा सेकंदाला एक ठोका, आणि प्रत्येक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. दाब हजारो व्होल्टचा असला तरी वेळ इतका कमी की स्नायू आखडतो, प्राणी दचकून मागे सरतो, पण चिकटून राहत नाही. कुंपणाच्या मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-७६. त्यानुसार ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्यात ५ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा जाता कामा नये. या मर्यादेतलं मशीन डुकराला, कुत्र्याला, माणसाला जोराचा चटका देतं, पण त्याचं काम तिथेच संपतं.

घरच्या किंवा कृषिपंपाच्या लाइनवरून थेट तारेत सोडलेला प्रवाह हा मात्र झटका नव्हे, तो सापळा आहे. त्यात अडकलेला सुटत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी विदर्भात वाघ मेले आहेत आणि राखणीला गेलेली माणसंही. वीजचोरीचा गुन्हा तर लागतोच, माणूस मेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत प्रकरण जातं. कुणी ‘मशीनचा खर्च कशाला, फेज जोडून टाकू’ म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

आता बॅटरी. संचात बहुतेक वेळा ७ अँपिअर-अवरची (किती वीज साठते याचं माप) येते. हिशेब करून बघा: दोन ज्यूलचं मशीन सव्वा सेकंदाला ठोका देत असेल तर यंत्रातली घट धरून साधारण पाव अँपिअर ओढतं. चोवीस तासांचे सहा अँपिअर-अवर झाले. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये हे धरलं तर ७ ची बॅटरी जेमतेम अर्धा दिवस टिकते. उन्हाळ्यात चालून जातं, कारण प्लेट रोज भरून काढते. आषाढात सलग चार दिवस ऊन पडत नाही तेव्हा दुसऱ्याच रात्री मशीन गप्प होतं, आणि मका नेमका दुधात येतो तो श्रावण-भाद्रपदात. त्यामुळे रानडुकरासाठी किमान २६ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड किंवा १२ ते १८ ची लिथियम घ्या. लिथियम खोलवर उतरवली तरी चालते, म्हणून ती लहान असली तरी पुरते. चार्ज कंट्रोलर मात्र त्या बॅटरीला साजेसाच हवा. जुन्या मशीनला नुसती लिथियम बदलून लावणं धोक्याचं आहे.

‘नाइट मोड’ चा, म्हणजे फक्त रात्री मशीन चालू ठेवणारा सेन्सर चांगला आहे, पण पहिले तीन-चार आठवडे तो बंद ठेवा. गावडुक्कर दिवसाढवळ्या येतं. तार एकदा मेलेली सापडली की तिचा धाक संपतो.

अर्थिंग: निम्म्या तक्रारी इथल्याच

संचासोबत फूट-दीड फुटाची एक सळई येते. ती अर्थिंग नव्हे, नैवेद्य आहे. तारेतून गेलेला ठोका डुकराच्या नाकातून, पायांतून जमिनीत उतरून परत मशीनकडे यायला हवा. परतीची वाट अडली की वर दहा हजार व्होल्ट असून उपयोग नाही. डुकराला गुदगुल्या होतात आणि शेतकरी कंपनीला शिव्या घालतो.

किमान तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, प्रत्येक पाच फूट, एकमेकांपासून तीन मीटर अंतरावर ठोका आणि एकाच जाड वायरने क्लिप लावून जोडा. वायर नुसती गुंडाळली की दोन पावसाळ्यांत गंज धरतो. जागा ओलाव्याची निवडा: विहिरीचा कठडा, ठिबकच्या फिल्टरची जागा, केळीचा बुंधा. घराच्या किंवा पंपाच्या अर्थिंगपासून दहा मीटर तरी दूर. मीठ-कोळशाचा खड्डा करायची आपल्याकडे सवय आहे, पण मिठाने जीआय पाइप लवकर खातो. त्यापेक्षा उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणं बरं. काळ्या जमिनीला मार्चनंतर भेगा पडतात आणि पाइपभोवती हवा शिरते. मुरमाड माळावर तर पाऊस थांबला की महिन्याभरात जमीन वीज वाहायचं नाकारते.

अर्थिंग पुरेसं आहे का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. मशीनपासून शंभर मीटर लांब जा. मशीन बंद करून तारेला दोन-तीन लोखंडी सळया टेकवा आणि त्या जमिनीत खुपसा, म्हणजे तार मुद्दाम शॉर्ट होईल. मशीन चालू करा. तारेवरचा दाब दोन हजारांच्या खाली आला पाहिजे. येत नसेल तर आणखी सळया लावा. आता मशीनजवळ येऊन डिजिटल टेस्टरचं एक टोक अर्थिंगच्या पाइपला आणि दुसरं मीटरभर लांब जमिनीत खुपसून मोजा. आकडा ३०० व्होल्टच्या आत हवा. पाचशे-हजार आला तर पाइप वाढवा, मशीन बदलू नका. हे मोजमाप ओल्या जमिनीत करून समाधान मानू नका, एप्रिलमध्ये पुन्हा करा.

टेस्टर संचात नसतो. असला तर पाच निऑन दिव्यांचा, जो साधारण अंदाज देतो. आकडा दाखवणारा डिजिटल टेस्टर वेगळा विकत घ्या. तो नसेल तर हे सगळं यंत्र म्हणजे अंधारात दगड मारणं.

कोरड्या माळासाठी एक जोड आहे: कुंपणाच्या तीन तारांपैकी मधली ‘गरम’, म्हणजे झटका वाहणारी, न ठेवता थेट अर्थिंगला जोडायची. डुक्कर दोन तारांमध्ये तोंड घालतं तेव्हा एक गरम, एक अर्थ अशा दोघींना शिवतं आणि जमीन कोरडी असली तरी वर्तुळ पुरं होतं. पावसाळ्यात ती तार पुन्हा गरम करता यावी म्हणून तिथे साधा सुरी-स्विच ठेवा.

तारा किती, कुठे

एका चौरस एकराचा घेर साधारण २५५ मीटर. तीन पदर म्हणजे ७६५, ताण-गाठी धरून ८०० मीटर तार. पाच मीटरला एक खांब धरला तर ५१ खांब आणि १५३ इन्सुलेटर, कोपऱ्यांचे वेगळे. पाच एकरांचा घेर मात्र पाचपट होत नाही, ५७० मीटरच होतो. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एकच कुंपण घातलं तर खर्च बराच उतरतो तो यामुळे. फाटक कुणी उघडं टाकलं यावरून होणारी भांडणं त्यात धरलेली नाहीत.

बाजारात क्लच वायर नावाने मिळणारी बारीक बहुतारी तार ओढायला, गुंडाळायला सोपी. एक-दोन एकरांना ती पुरते. घेर अर्ध्या किलोमीटरच्या वर गेला की १४ गेजची, म्हणजे साधारण २ मिलिमीटरची जीआय तार घ्या. ती किलोला सुमारे ४० मीटर भरते. काटेरी तारेत झटका सोडू नका. मानकातच मनाई आहे, आणि कारण उघड आहे: त्यात कातडी किंवा कपडा अडकला की सुटायला वेळ लागतो आणि ठोका मात्र दर सव्वा सेकंदाला बसतच राहतो. आधीचं काटेरी कुंपण असेल तर झटक्याची तार त्यापासून वेगळ्या खांबांवर ओढा. शेजाऱ्याचं दुसरं मशीन असेल तर दोन्ही कुंपणांत किमान अडीच मीटर अंतर हवं, म्हणजे कुणाचा हात एकाच वेळी दोन्हींना लागणार नाही.

गावडुकरासाठी दोन तारा बस्स: पहिली २० सेंटिमीटरवर, दुसरी ४५ वर. हे जनावर रोज त्याच वाटेने येतं, फुरसतीत येतं, नाक पुढे करून हुंगत येतं. ओलं नाक तारेला लागलं की किंचाळून मागे फिरतं आणि चार-दोन फेऱ्यांत ती बाजू सोडून देतं. पोटासाठी त्याला दुसरा उकिरडा मोकळा असतो, त्यामुळे तारेशी झगडायची त्याला गरजच नसते. एक ज्यूलचं साधं मशीन इथे पुरेसं आहे. महागडं घेऊ नका.

रानडुकराचं गणित वेगळं. त्याच्या अंगावर राठ केस आणि खाली जाड कातडी, म्हणजे नाक आणि कानाचा भाग सोडला तर झटका बसतच नाही म्हणा ना. नाकाला लागला तर मागे. पण वेगात येताना डोक्यामागे, खांद्याला लागला तर ते पुढेच मुसंडी मारतं आणि तारा घेऊन जातं. मुसंडी हा शब्द उगाच आलेला नाही. म्हणून त्याला तारेपाशी थांबून हुंगायला लावणं हीच खरी युक्ती. त्यासाठी कुंपण पिकाच्या अगदी कडेला नको, तीन-चार फूट बाहेर, मोकळ्या साफ पट्ट्यात. तारेवर दर दोन मीटरला रंगीत फीत. तारा तीन, जमल्यास चार: १५, ४०, ६५ आणि ९० सेंटिमीटर. सगळ्यात खालची तार सगळ्यात महत्त्वाची, कारण डुक्कर उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतं. आणि पिल्लं आत शिरून चिरकली की डुकरीण कशालाच जुमानत नाही.

जमीन सपाट नसते. बांधाच्या उतारावर, पाटाच्या खळग्यात तीच तार ३५ सेंटिमीटरवर जाते, आणि कळपाची वाट नेमकी तिथून पडते. खांब पाच मीटरवरच हवा हा हट्ट सोडा. जिथे जमीन वाकते तिथे खांब. नाल्यावरून मुख्य तार नेऊ नका. तिथे वेगळा तुकडा, वेगळा स्विच, म्हणजे पूर आला की तेवढाच बंद करता येतो.

वेळ आणखी महत्त्वाची. भुईमुगाच्या शेंगा भरल्यावर, मक्याचं कणीस दुधात आल्यावर कुंपण घातलं तर उशीर झाला. कळपाला आतली चव माहीत झालेली असते आणि चवीपुढे एक झटका ते सोसतात. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत तार उभी पाहिजे, म्हणजे आत काही खाण्यासारखं नसतानाच त्यांची तारेशी ओळख होते. तारेवर किमान पाच हजार व्होल्ट, भारासकट, मशीनपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. तीन हजारांच्या खाली उतरलं की रानडुकरासाठी ती तार म्हणजे नुसती दोरी. मशीन दोन ते तीन ज्यूल आउटपुटचं.

बिघडतं ते बहुतेक वेळा गवताने. ओलं गवत, सोयाबीनची फांदी, जोंधळ्याचं पान खालच्या तारेला टेकलं की प्रत्येक स्पर्श थोडा थोडा प्रवाह जमिनीत पाझरवतो. एका पानाने काही होत नाही, दोनशे मीटर हिरव्या कडेने पाच हजारांचे अठराशे होतात. अंधार पडल्यावर मशीन चालू ठेवून कुंपणाकडेने एक फेरी मारा: जिथे गळती असेल तिथे ‘टक्-टक्’ ऐकू येतं आणि निळसर ठिणगी दिसते. दिवसा हे सापडत नाही. ओला बांबूही वीज वाहतो, त्यामुळे इन्सुलेटरचा खिळा आरपार जाऊन तारेला शिवत नाही ना, ते बघा. स्वस्तातले इन्सुलेटर दुसऱ्या उन्हाळ्यात चुरा होतात. हातात घेऊन वाकवून बघा, कडक काचेसारखे वाटले तर घेऊ नका. वळवाच्या विजा सुरू झाल्या की तार मशीनपासून सोडवून ठेवा. वीज पडून जळालेलं मशीन वॉरंटीत बसत नाही.

सायरनबद्दल थोडक्यात: तार तुटली किंवा पूर्ण शॉर्ट झाली तर वाजतो, आणि जागलीला कुणी असेल तरच उपयोगाचा. गवताच्या गळतीला बहुतेक सायरन ओळखतच नाहीत.

बाकीच्या उपायांशी तुलना करायची तर, साड्यांचं कुंपण आणि डबे-बाटल्या आठ दिवस चालतात. फोरेट या कीटकनाशकाच्या पुरचुंड्या बांधायचे, त्यावर आता बंदी आहे. जाळीचं कुंपण उत्तम, पण खालून एक फूट गाडलेलं नसेल तर रानडुक्कर नाकाने उचलून आत येतं, आणि गाडून घ्यायचं तर खर्च झटक्याच्या कितीतरी पट. गावठी बॉम्ब आणि फासे सरळ गुन्हा.

कोणतं डुक्कर, हे आधी ठरवा

मशीन घ्यायच्या आधी दोन-चार सकाळी बांध बघून घ्या. चिखलात रानडुकराच्या ठशात मागची दोन छोटी नखं बाहेरच्या बाजूला ठळक उमटतात. गावडुकराचीही उमटतात, पण कमी वेळा आणि जवळ. नुसत्या ठशावर भरवसा नको. अंगकाठी बघितली तर रानडुकराचा पुढचा भाग जड, मागचा निमुळता, पाठीवर उभी आयाळ, तोंड लांबट. पिल्लांच्या अंगावर लांब पिवळसर पट्टे असतात, जे तीन-चार महिन्यांत जातात. गावरान डुक्करही काळं आणि केसाळ असतं, त्यामुळे विजेरीच्या उजेडात दहापैकी चार वेळा फसायला होतं. गावडुकराच्या कानाला मात्र बहुधा मालकाची खूण असते, कातरलेली कड. मोकाट म्हणजे बेवारस नव्हे. जंगलाकाठच्या गावांत डुकरीण मोकळी चरते आणि रानातला नर येऊन जातो; तिथे पट्टेवाली पिल्लं गावच्या डुकरिणीमागेही दिसू शकतात आणि तिथून सगळाच घोळ सुरू होतो.

हा घोळ पैशांचा आहे. रानडुकराने पीक खाल्लं तर वन विभागाकडून भरपाई मिळते; अर्ज नुकसानीपासून तीन दिवसांत, जवळच्या वन कार्यालयात, मग पंचनामा. गावडुकराने खाल्लं तर वन विभाग हात वर करतो, आणि ते बरोबरच आहे. पंचनाम्याच्या वेळी ‘डुकराने खाल्लं’ एवढं सांगून भागत नाही. ठशाचा पट्टी ठेवून काढलेला फोटो, विष्ठा, कुठून आले त्या वाटेचा फोटो ठेवा.

उलट बाजूने, रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून नव्या रचनेत ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते. सापडलेलं पट्टेवालं पिल्लू घरी आणून बाटलीने दूध पाजणं हाही गुन्हाच, कितीही माया असली तरी. पाळलं म्हणून ते पाळीव होत नाही.

गावडुकरासाठी कायदा आहे तो १८७१ चा, कॅटल ट्रेसपास ॲक्ट. त्यातल्या ‘कॅटल’ मध्ये हत्ती-उंटांबरोबर डुक्करही मोजलंय. पिकात शिरलेलं जनावर पकडून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचा हक्क शेतकऱ्याला त्याने दिला. डुकरांसाठी तर स्वतंत्र कलम २६ आहे: डुकरांनी पिकाचं नुकसान केलं तर मालकाला दंड. किती? मूळ कायद्यात दहा रुपयांपर्यंत. आणि डुकराला पकडून कोंडवाड्यात नेऊन दाखवणं हा वेगळाच पराक्रम. शहरात मात्र कायदा कडक आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात परवानगीशिवाय डुक्कर पाळायलाच मनाई आहे.

म्हणून गावडुकराचा त्रास असेल तर मशीनच्या आधी मालकाला गाठा. वडार, कैकाडी समाजातली अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करतात, आणि त्यांना आपलं जनावर लांबून ओळखू येतं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी खाणं घातलं की डुकरं बहुधा घरी परततात. दुपारी एकदा जास्तीचं घातलं तर शेताकडची फेरी कमी होते. तारेचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतल्याची उदाहरणं आहेत, आणि तारेपेक्षा ती जास्त टिकतात.

मशीन उलटं लावलं तर

या संचाचा सर्वांत चांगला उपयोग जाहिरातीत कुठेच नसतो: डुकरं बाहेर ठेवायला नव्हे, आत राखायला. कोकणात आणि गोव्यात परसात, नारळी-काजूखाली डुकरं मोकळी सोडायची पद्धत जुनी आहे; आगोंडा गोवन ही गोव्याची देशी जात नोंदणीकृतही आहे. अशा जनावराला सिमेंटच्या कोंडीत घालण्यापेक्षा दोन तारांत फिरतं ठेवणं त्याला मानवतं, खाण्याचाही खर्च वाचतो.

पण थेट तारेत सोडू नका. आधी पक्क्या जाळीच्या आवारात, जाळीच्या आतून एक फुटावर झटक्याची तार ओढून तीन-चार दिवस ठेवा. पहिला झटका बसला की डुक्कर पुढे धावायला बघतं. समोर जाळी असली की त्याला मागे फिरायची सवय लागते. हे शिक्षण न देता मोकळ्या माळावर सोडलेलं डुक्कर पहिल्याच झटक्याला तारेपलीकडे जातं आणि मग पलीकडून आत यायला तयार होत नाही. मोठ्यांसाठी २० आणि ४५ सेंटिमीटर, पिल्लं असतील तर खाली १२ वर आणखी एक.

इथे बिघाड वेगळा येतो. डुक्कर उकरतं, आणि उकरलेली माती नाकाने ढकलत नेमकी तारेखाली ढीग करतं. चार दिवसांत खालची तार मातीत गाडली जाते आणि शॉर्ट. रोज सकाळी फावडं घेऊन एक चक्कर ठरलेली. पाण्याची कुंडी आणि लोळायचा चिखल तारेपासून पाच मीटर आत ठेवा, म्हणजे उकरण्याचा जोरही तिथेच राहतो. फाटक मात्र तारेचं करू नका, लाकडी किंवा पाइपचं करा. तारेची ओळख झालेलं डुक्कर तार काढल्यावरही ती रेषा ओलांडत नाही. गाडीत चढवायच्या दिवशी हे कळणं फार महागात पडतं.

रान जवळ असेल तर एकेरी कुंपण पुरत नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात भारतात पहिल्यांदा आढळला. तो पाळीव आणि रानटी दोघांनाही होतो, औषध नाही, आणि नाकाला नाक लागलं तरी पुरतं. बाहेर रानडुकरासाठी तीन पदर, आत आपल्या डुकरांसाठी दोन, मध्ये दोन-तीन मीटर मोकळा पट्टा. एकाच मशीनवर दोन्ही चालतात, फक्त ज्यूल त्या हिशेबाने घ्या. माजावर आलेली डुकरीण रात्री आतल्या गोठ्यातच बांधा. रानातला नर तिच्यासाठी तारा मोजत बसत नाही.

खरेदी करताना

मशीन, बॅटरी आणि प्लेटची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. ‘संचाला एक वर्ष’ यात बॅटरी बहुधा धरलेली नसते. सर्किट बोर्ड तालुक्याला दुरुस्त होतो की पार्सलने पाठवावा लागतो हे विचारा, कारण हंगामात पंधरा दिवस मशीन बाहेर असणं म्हणजे हंगामच गेला. वनक्षेत्रालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते अनुदान ठेवलेलं आहे. गाव यादीत आहे का, हे वनरक्षकाला विचारून मगच बिल करा. आधी घेऊन नंतर मागायला गेलात तर कागद अडतात. संचात पिवळा धोक्याचा फलक असतो, तो डब्यात ठेवू नका. पायवाटेच्या आणि रस्त्याच्या बाजूला दर दहा मीटरला एक लावा. जास्तीचे दुकानातून मागून घ्या, ते फुकट देतात.